‘संपूर्ण स्वतंत्र’ खेळ आणायचा कुठून?

संपादक महोदय,

आपल्या मुलांच्या पुरवणीने सुट्टीसाठी पटावरचे खेळ तयार करण्याची स्पर्धा ठेवली, छान झालं. पण प्रवेशिकेत ‘माझा खेळ संपूर्ण स्वतंत्र आहे’ असं लिहून मागितलंय, ते खटकलं.

गेल्या वर्षी मी आणि नातीने वारीचा खेळ केला. आळंदी ते पंढरपूर, चौघांची दिंडी. एकादशीच्या आत चौघेही पोचले तर सगळे जिंकले, एक जरी मागे राहिला तर सगळे हरले. ही रीत मॅट लीकॉक यांच्या ‘पँडेमिक’ (२००८) या पटावरच्या खेळावरून घेतली. चढउतार मोक्षपटाचे, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपाचे. खोक्यावर मी ऐटीत ‘संत ज्ञानेश्वरांच्या मोक्षपटावरून’ असं लिहिलं होतं. नात म्हणाली, “आजोबा, हे कुठे लिहिलंय?” मला पुरावा दाखवता येईना. आता तिथे ‘मोक्षपट, जुना खेळ’ एवढंच आहे.

दिवे घाटात सहा पडल्याशिवाय वर चढायचं नाही, हा माझा लाडका नियम. आम्ही दोघं खेळायचो तोवर निभावलं. मग शेजारच्या चौघांपुढे पट आणि नियमांचा कागद ठेवला. मी तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून नातीने मला गवार निवडायला बसवलं. तिसऱ्या डावात एक पोरगा घाटाखाली अडकला तो अडकलाच. बाकीचे पंढरपूरजवळच्या वाखरीला पोचून जांभया देत होते. मी गणिताचा मास्तर, पण हिशेब केला तो त्या रात्री! दहादा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के. चौघे खेळत असले की जवळजवळ निम्म्या डावांत कुणी ना कुणी असा रखडणार.

मग आपला डाव सोडून दुसऱ्याला वर ओढायची सोय केली आणि तिला नाव दिलं ‘खांदा द्या’. शेजारच्या काकू कडाडल्या, “वारीला निघालात की स्मशानात?” त्यांनीच सुचवलं, घाटात पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, तसं करा. नियमाचं नाव आता ‘बैलजोडी’, आणि खोक्यावर काकूंचं नाव.

आपल्याकडचा ‘व्यापार’ ज्या ‘मोनोपॉली’वरून आला, तिचं मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईंच्या खेळात. जमीनदारीचे तोटे दाखवायला त्यांनी तो रचला, १९०४ मध्ये पेटंटही मिळवलं. १९३५ मध्ये ‘मोनोपॉली’ विकणाऱ्या पार्कर ब्रदर्स कंपनीने ५०० डॉलरला त्यांचे हक्क घेतले आणि खेळाचा जनक म्हणून नाव गाजलं चार्ल्स डॅरो यांचं.

तेव्हा ते हमीपत्र काढून ‘कशावरून सुचलं’ आणि ‘कुणी खेळून पाहिलं’ असे दोन रकाने ठेवता येतील का? दुसरा रकाना जरा मोठा ठेवा. आमची यादी एकोणीस नावांची आहे.

– एक निवृत्त गणित शिक्षक, हडपसर