माळावर खड्डे कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा आला की आमच्या माण-खटाव भागात वृक्षलागवडीचे फलक झळकतात आणि खड्डे हमखास माळावर पडतात. कारण कागदोपत्री माळ म्हणजे पडीक जमीन.

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईत तो हजाराच्या आत येतो, आणि दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. तोही चार महिन्यांत आटोपतो. मग ऊन-वारा उरलीसुरली ओल ओढून नेतात. एवढ्या पाण्यात दाट झाडी पोसत नाही, गवत पोसते. पवन्या, मारवेल, कुसळी जेमतेम ओलीवर भराभर वाढतात, बी धरतात आणि वरून वाळली तरी मुळाशी जिवंत राहतात. माळाची बरीचशी कमाई जमिनीखाली असते, म्हणून ती साहेबांच्या डोळ्यांत भरत नाही. दुष्काळात गवत खुरटते खरे, पण पुढच्या चांगल्या पावसात तेच ठोंब पुन्हा फुटतात.

बरे, नुसता पाऊस असून भागते असेही नाही. कासला धो धो कोसळतो, तरी तिथल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, झाडे नाहीत. जांभ्यावर माती काही इंचांचीच. पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात सगळे ठणठणीत कोरडे.

आमच्या धनगरांना हे कुणी शिकवावे लागले नाही. दिवाळीनंतर मेंढरांसह त्यांचे वाडे (तळ) कोकणात उतरतात, भातखाचरांत खताला बसतात आणि पावसाच्या तोंडावर माळाकडे परततात. आता परतावे तर कुंपण, चराईबंदीची पाटी आणि आत ग्लिरिसिडियाच्या झाडांच्या रांगा! त्या सावलीत उन्हावर वाढणारी गवते विरळ होतात. चिंकारा, लांडगा, धाविक पक्षी यांना उघडा माळच लागतो, हे वन विभागाला वेगळे सांगायला नको.

झाडे जरूर लावावीत. ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात. माळावर काही करायचेच असेल तर मारवेल-पवन्याचे बी टाकावे आणि आळीपाळीने चराई ठेवावी. आपल्या दैनिकालाही एक विनंती. लागवडीचा आकडा छापताना तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती रोपे उरली आणि त्यांवर किती टँकर रिकामे झाले, तेही संबंधितांना विचारावे.

आपला,
एक वाचक, ता. माण, जि. सातारा