पहिलंच पाठव

सर, नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा घेणार ना?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय.

2020 च्या टाळेबंदीत तबल्याचा क्लास मोबाइलवर आला आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की तुम्ही आणि आमच्या चिरंजीवांनी एकत्र वाजवणं काही जमायचं नाही. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, तेवढाही तबल्यात खपत नाही. तुमची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तिकडे, त्याची इकडे. त्यात लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी फिरती धून, तिच्यामागचा तानपुरा व्हिडिओ कॉलला गोंगाट वाटायचा, तो गायबच व्हायचा. शेवटी तुम्ही म्हणालात, "लेहरा लावून वाजव, रेकॉर्ड कर आणि पाठवून दे."

पहिल्या दिवशी साहेबांनी तीनताल अकरा वेळा वाजवला. त्यातला सगळ्यात बरा मी निवडून पाठवला. तुमचं उत्तर दोनच शब्दांचं: "पहिलंच पाठव." खरं सांगते, राग आला होता. पहिल्यात तो दोनदा अडखळला होता, मध्येच कुकरची शिट्टीही होती. पाठवलं तर म्हणालात, "आता हे पुसू नका."

महिन्यातून एकदा लेहऱ्याशिवाय वाजवायचं, हीसुद्धा तुमचीच खोड. मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत तीनतालाचा 16 मात्रांचा एक फेरा, म्हणजे आवर्तन, बरोबर 16 सेकंदांत यायला हवं. आमचं पहिलं आलं 16 मध्ये, चौथं 13 मध्ये! "लय पळतेय" असं मी म्हटलं असतं तर वाद झाला असता. घड्याळाशी काय वाद घालणार?

पण आभार मानायचेत ते गेल्या पावसाळ्यातल्या एका संध्याकाळचे. बरोबरच्या मुलीचा हात खूप पुढे गेलेला, आणि याने तबल्यावर खोळ चढवून जाहीर केलं, "मला नाही शिकायचं." तुम्ही समजूत घातली नाहीत. जुनं रेकॉर्डिंग ऐक, एवढंच म्हणालात. ऐकताना आधी तो खो खो हसला. डग्ग्याला घुमाराच नव्हता, पाट बडवल्यासारखा आवाज. मग एकदम गप्प झाला. मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

"आई, माझा 'ना' तेव्हा जास्त चांगला होता."

मीही कान देऊन ऐकलं. खरंच होतं. तबल्याच्या किनारीवरचा तो 'ना' हा बोल स्वच्छ, टणटणीत. आताचा वेगाच्या नादात मिटलेला. आपण नुसते पुढेच जातो असं नाही, काहीतरी मागे सांडतंही, हे त्याचं त्यानेच शोधलं. पुढचे आठ दिवस 'धाधा तिट धाधा तूना' हे बोल बराबरीत, म्हणजे मूळ लयीत, इतकं सावकाश की शेजारच्या काकूंनी विचारलं, बरं नाही का त्याला?

मी लहानपणी चार वर्षं पेटी शिकले. त्याची खूण म्हणून उरलीय फक्त एक वही, पानापानावर लाल शाईत 'सराव कमी'. माझी बोटं कशी पडायची, ते आता मलाही आठवत नाही. याच्याकडे मात्र सगळं आहे, कुकरच्या शिट्टीसकट.

या महिन्याचं रेकॉर्डिंग जरा उशिरा येईल, सर. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, गेलीय, बदलायला टाकलाय. आला की पहिलंच पाठवतो.

तुमच्या शिष्याची आई,
डोंबिवली