उद्यानाचे अंतर चालत मोजावे

महोदय,

महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर आणि सागरी किनारा मार्गालगतच्या भरावावरील सुमारे १७५ एकर जागा मिळून मुंबईत जवळपास ३०० एकरांचे मध्यवर्ती उद्यान साकारणार, या घोषणेचे स्वागत झाले ते योग्यच आहे. माझी हरकत उद्यानाला नसून त्यामागच्या हिशेबाला आहे. ३०० एकर म्हणजे सुमारे बारा लाख चौरस मीटर. २०११ च्या जनगणनेतील सव्वा कोटी मुंबईकरांत ते वाटले, तर दरडोई मोकळ्या जागेत एक दशांश चौरस मीटरची भर पडते आणि कागदोपत्री ती मानखुर्दच्या वस्तीत राहणाऱ्या मुलाच्या नावावरही जमा होते. प्रत्यक्षात त्या मुलाला महालक्ष्मी गाठायचे, तर हार्बर मार्गाने कुर्ला, तिथून मध्य रेल्वेने दादर, मग पुन्हा गाडी बदलून पश्चिम रेल्वे असा प्रवास करावा लागेल, आणि तोही घरातल्या मोठ्या माणसाला सुट्टी असेल त्या दिवशीच.

ही विषमता आजची नाही. १९२५ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या माहीम पार्कचे १९२७ मध्ये ‘शिवाजी पार्क’ असे नामकरण झाले, आणि देवनारला शहराचा कचरा पडू लागला तोही १९२७ पासूनच. दादरची वस्ती मैदानाभोवती आखली गेली; गोवंडी-मानखुर्दची वस्ती कचराभूमीच्या कडेने, मिळेल त्या जागेवर वाढत गेली. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात महापालिकेच्या विभागांपैकी, गोवंडी-मानखुर्द ज्यात येते तो एम पूर्व विभाग तळाशी होता, याचे म्हणूनच नवल वाटले नाही.

केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत दरडोई दहा ते बारा चौरस मीटर मोकळ्या जागेची शिफारस आहे. मुंबईला ते गाठणे आता अशक्यप्राय आहे, हे मान्य करू. पण घरापासून दहा मिनिटांच्या चालीत, मोठा रस्ता वा रेल्वेरूळ न ओलांडता, लहानशी का होईना बाग मिळावी, एवढे उद्दिष्ट ठेवता येते. त्यासाठी लागणारे अनेक छोटे भूखंड विकास आराखड्यात उद्यान वा क्रीडांगण म्हणून आरक्षित आहेतच. खरी अडचण संपादनाची आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत प्रशासनाने पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. सध्याचा आराखडा सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला. म्हणजे त्यातील नव्या आरक्षणांची ही दहा वर्षे २०२८ मध्ये भरतील.

मोकळ्या जागेच्या आरक्षणावर झोपडपट्टी असेल, तर पुनर्वसन योजना राबवून ३५ टक्के जागा मोकळी ठेवण्याची तरतूद उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली. गरिबाचे घर आणि गरिबाच्या मुलाचे मैदान यांत भांडण लावणे मला पटत नाही; मात्र ही ३५ टक्के जागा विकासकाच्या विक्रीसाठीच्या इमारतीमागे वा सोसायटीच्या कुंपणात गेली, तर ती सार्वजनिक कसली? तिला थेट रस्त्यावरून वाट हवी आणि फाटकावर वेळेची ठळक पाटी हवी.

वेळेचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. माझ्या घराजवळच्या एका बागेला दुपारी कुलूप असते. धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या बायकांना दोन घरांच्या मधला मोकळा वेळ नेमका तेव्हाच मिळतो, आणि त्या बागेच्या बाहेर कठड्यावर बसून डबा खातात. आत ‘चेंडू खेळण्यास मनाई’ अशी पाटी आहे, त्यामुळे संध्याकाळी मुले रस्त्यावर खेळतात.

महापालिकेने प्रत्येक विभागातील आरक्षित मोकळ्या भूखंडांची यादी, त्यांची सद्यस्थिती आणि वस्तीपासूनचे चालत अंतर यांसह, मराठीत व विभाग कार्यालयाच्या फलकावर प्रसिद्ध करावी. मध्यवर्ती उद्यानासाठी अंदाजपत्रकात जी तरतूद होईल, तिच्याशेजारीच एम पूर्वसारख्या विभागांतील भूखंड संपादनासाठीची रक्कमही त्याच वर्षी दिसावी.

– एक वाचक, चेंबूर, मुंबई