नस म्हणजे ड्रिपची नळी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत हार्टवर लेख आला होता, बाकी चांगला होता पण त्यात परत तेच, की नस म्हणजे पाईप, तेलतूप खाल्लं की तो चोक होतो. आणि त्याच पानावर खाली ‘बंद नसा मोकळ्या करा’वाल्या काढ्याची जाहिरात! आमच्या यावल-रावेर पट्ट्यात हे लगेच पटतं, कारण आम्ही ड्रिपवाले (ठिबक सिंचनवाले) लोक. बोअरचं पाणी क्षाराचं, पाणी ठिबकणारे ड्रिपर चोक झाले की लॅटरलमध्ये, म्हणजे ते ज्या नळीवर असतात तिच्यात, ॲसिड सोडायचं, शेवटची टोपी काढून फ्लश मारायचा, झालं काम.

माझ्या मोठ्या भावाला १२ वर्षांपासून शुगर आहे आणि खिशात पुडी कायम (गुटख्यावर बंदी २०१२ पासून आहे म्हणे, असो). अँजिओग्राफीत ४० टक्के ब्लॉक निघाला, मायनर आहे म्हणून सांगितलं. तो मायनर शब्द ऐकूनच निवांत झाला. मला म्हणतो, “काही होत नाही भो, लॅटरल धुतो तशा नसा धुवून घेऊ,” आणि २८०० रुपयांचा काढा घेऊन आला.

माझी भाची डॉक्टरकी शिकते, तिने मग आम्हा दोघांना बसवून समजावलं. नसेच्या आत पेशींचं एक अस्तर असतं, एकाच थराचं, त्याला एंडोथेलियम म्हणतात, आणि ते नुसतं चिकटवलेलं प्लास्टिक नाही, ते जिवंत आहे. नस कधी सैल सोडायची, रक्त कुठे गोठू द्यायचं नाही, आतलं काय बाहेर झिरपू द्यायचं हे सगळं तेच बघतं. १९८० साली अमेरिकेत फर्चगॉट नावाच्या शास्त्रज्ञाने सशाच्या नसेच्या पट्ट्यांवर औषध टाकून पाहिलं, तर अस्तर शाबूत असलेली पट्टी सैल पडायची आणि कापताना ज्या पट्टीचं अस्तर घासलं गेलं ती उलट आवळायची. म्हणजे बघा, घासून साफ केलेली नसच बिघडली! पुढे कळलं की अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, त्याने नस सैल होते, आणि या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात ना, ती गोळीसुद्धा हाच वायू देते, ती साफ काहीच करत नाही.

शुगर वाढलेली, बीपी वाढलेलं, तंबाखू मग ती ओढा नाहीतर चघळा, याने आधी हे अस्तर आजारी पडतं. वायू कमी सुटतो, नस आवळलेली राहते, चरबी आत शिरून भिंतीत साचते, आणि हे सगळं ब्लॉक दिसायच्या कितीतरी वर्षं आधी. ४० टक्केवाल्याने निवांत का राहायचं नाही तेही तेव्हा कळलं, कारण अटॅक बऱ्याचदा अशा लहान ब्लॉकवरच येतो, त्याच्यावरचं पातळ आवरण फाटतं आणि तिथे रक्त गोठतं. आणि सगळं तेलातुपावरच ढकलायचं तर आपल्या नंदुरबारकडची सिकलसेलची (हा रक्ताचा जन्मजात आजार) पोरं बघा, त्यांच्या नसा अडतात त्या काय शेवभाजीच्या तर्रीने? तिथे वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी अस्तराला चिकटतात, आणि त्या फुटल्या की बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन तो वायूच शोषून घेतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की गावात शिबिर लागलं की शुगर, बीपी आणि ईसीजी काढून लोक घरी जातात, आणि बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल आला की पेढे वाटायचेच बाकी राहतात. त्यात शुगरवाल्यांची लघवीतल्या अल्ब्युमिनची (एका प्रथिनाची) तपासणी का नाही धरत? किडनीच्या गाळणीलाही हेच अस्तर असतं. ते बिघडलं की हे प्रथिन गळायला लागतं, आणि ३० च्या वर आकडा (रिपोर्टवर mg/g) गेला तर नुसती किडनी नाही, सगळ्या अंगातल्या नसांची खबर समजते. वर्षातून एकदा करायची टेस्ट आहे, सकाळची थोडी लघवी लागते बस. शिबिरं भरवणाऱ्यांपर्यंत हे आपण छापून पोचवा, आणि त्या काढ्याच्या जाहिरातीचं काय करायचं ते आपणच ठरवा, पण लेखाच्या पोटात तरी ती नको.

भावाचा आकडा ३० च्या पुढे निघाला. गोळ्या चालू आहेत, पुडी सुटून आठ महिने झाले, मळ्यात आता गाडीवर न जाता पायी जातो. भाची म्हणते चालल्याने रक्ताची धार जोरात वाहते आणि त्या धारेनेच अस्तर जास्त वायू सोडतं, हे मात्र त्याला ड्रिपसारखं वाटल्यामुळे एकदम पटलं. काढ्याची बाटली अजून फ्रिजवर तशीच आहे, फेकू देत नाही, पैसे दिलेत म्हणतो.

आपला,
एक केळी उत्पादक, ता. यावल, जि. जळगाव