कीव्ह कॅमेऱ्याला ‘नक्कल’ म्हणणे अन्यायाचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या जर्मन कॅमेऱ्यांवर आलेला लेख मी आवडीने वाचला. मात्र ‘कॉन्टॅक्स हा अस्सल जर्मन कॅमेरा आणि कीव्ह ही त्याची स्वस्त रशियन नक्कल’ हे त्यातले वाक्य मला मान्य नाही. जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारातही हीच समजूत रुजलेली आहे. ‘जर्मन मेड’ म्हटले की भाव चढतो आणि ‘रशियन’ म्हटले की गिऱ्हाईक वस्तू हातातही घेत नाही. तीसहून अधिक वर्षे कॅमेरे दुरुस्त करण्यात गेली असल्यामुळे सांगतो, की कॅमेरा उघडून पाहिला तर ही विभागणी टिकत नाही.

हे पत्र लिहिताना माझ्यासमोर कॉन्टॅक्स-२ आणि कीव्ह-४ हे दोन्ही कॅमेरे उघडून ठेवलेले आहेत. कॉन्टॅक्स-२ हे मॉडेल १९३६ साली ड्रेस्डेनच्या झाइस इकॉन कंपनीने आणले. माझ्याकडच्या कीव्हवरच्या नंबराचे पहिले दोन आकडे ६३ आहेत, म्हणजे तो १९६३ सालचा. दोन्हींचे शटर कापडी पडद्याचे नसून एकमेकांत गुंतलेल्या धातूच्या बारीक पट्ट्यांचे आहे आणि ते वरून खाली धावते. या पट्ट्यांना पेलणाऱ्या दोन रेशमी फिती दोन्हींत त्याच जागी आहेत आणि त्याच जागी झिजून तुटतात. फोकससाठी बोटाने फिरवायचे दातेरी चाकही तेच, आणि कॅमेरा नीट धरला नाही तर त्याच बोटाने रेंजफाइंडरची, म्हणजे अंतर जुळवण्याच्या यंत्रणेची, खिडकी झाकली जाण्याची खोडही तीच.

हे साम्य कोणी चोरून नकाशे काढल्यामुळे आलेले नाही. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत ड्रेस्डेन उद्ध्वस्त झाले. त्यानंतर युद्धाची भरपाई म्हणून सोव्हिएत सत्तेने कॉन्टॅक्सची साधने आणि साचे जर्मन कारागिरांकडून येनामध्ये पुन्हा तयार करवून घेतले आणि ती सगळी सामग्री कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात हलवली. तिथे १९४७ पासून कीव्ह कॅमेरा बनू लागला आणि त्याची पुढची मॉडेले १९८० च्या दशकापर्यंत निघत राहिली. कॉन्टॅक्सच्या सॉनार या भिंगाची रचनाही याच मार्गाने गेली. सुरुवातीच्या सोव्हिएत भिंगांत जर्मन काच वापरली जात होती. पुढे तिथल्या काचेसाठी नव्याने आकडेमोड करावी लागली आणि ‘ज्युपिटर’ नावाची भिंगे रूढ झाली. कीव्ह ही युक्रेनची राजधानी आहे, तेव्हा या कॅमेऱ्याला ‘रशियन’ म्हणणेही बरोबर नाही.

आता ‘अस्सल जर्मन’ कोणते, तेही पाहू. झाइस इकॉन ज्या झाइस समूहातली, त्या झाइसची मूळ कार्यशाळा १८४६ साली येनामध्ये सुरू झाली. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य तिथे पोहोचले, आणि शहर सोव्हिएत ताब्यात देण्यापूर्वी त्याने निवडक व्यवस्थापक आणि शास्त्रज्ञ आपल्या अमलाखालच्या भागात हलवले. त्यातून पश्चिम जर्मनीतील ओबरकोखेन येथे दुसरे झाइस उभे राहिले. मूळ गाव एकाकडे आणि अनेक जाणकार माणसे दुसऱ्याकडे, अशी ही फाळणी झाली. नावावरचा कज्जा अनेक देशांच्या न्यायालयांत चालला आणि १९७१ साली लंडनमध्ये तडजोड झाली. त्याच्या खुणा भिंगांवर आजही वाचता येतात. जिथे येनाच्या कारखान्याला झाइस हे नाव वापरता येत नव्हते, तिथे पाठवलेल्या भिंगांवर ‘आउस येना’, म्हणजे ‘येनाहून’, एवढेच कोरलेले असते आणि ‘टेसार’ या भिंगाच्या नावाऐवजी नुसते ‘टी’ हे अक्षर असते. अशी भिंगे खोटी समजून कवडीमोलाने विकली गेलेली मी पाहिली आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते. काच तीच आणि घडणारे हातही तेच. नाव तेवढे कायद्याने काढून घेतलेले.

याहून महत्त्वाची गोष्ट लेखात आलीच नाही. झाइस इकॉनचे प्रमुख इमॅन्युएल गोल्डबर्ग हे ज्यू होते. १९३३ च्या वसंतात नाझींनी त्यांचे अपहरण केले आणि त्यांना पद सोडायला लावले; ते आधी पॅरिसला आणि पुढे पॅलेस्टाइनला गेले. पहिला कॉन्टॅक्स त्यांच्याच कारकिर्दीत, १९३२ साली, बाजारात आला होता. त्याच कंपनीच्या ड्रेस्डेनमधील एका कारखान्यात युद्धकाळात ज्यू स्त्री-पुरुषांना वेठीला धरले गेले. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यांना हेलरबेर्ग येथील छावणीत कोंडण्यात आले आणि मार्च १९४३ मध्ये तिथून ऑश्विट्झला पाठवण्यात आले. लायका कॅमेरे बनवणाऱ्या वेट्झलारच्या लाइट्झ घराण्याने ज्यू कर्मचाऱ्यांना देशाबाहेर पडण्यास मदत केली, ही हकीकत लेखात सविस्तर आहे आणि ती यायलाच हवी होती. पण जर्मन कारागिरीचे गुणगान करताना एवढीच बाजू सांगितली, तर ज्यांच्याकडून हे काम हिसकावून घेतले गेले आणि ज्यांच्याकडून ते सक्तीने करून घेतले गेले, ती माणसे पुन्हा एकदा पुसली जातात.

लेखकाने पुढच्या भागात कीव्ह कॅमेऱ्याची ही हकीकत आणि गोल्डबर्ग यांचे नाव घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. शिवाय लेखासोबतच्या एका छायाचित्रातील भिंगावर ‘आउस येना’ ही अक्षरे स्पष्ट दिसत असूनही खालच्या ओळीत ते पश्चिम जर्मनीत बनल्याचे छापले आहे. ते पूर्व जर्मनीतील आहे, एवढी दुरुस्ती कृपया प्रसिद्ध करावी.

आपला,
एक कॅमेरा दुरुस्ती कारागीर, पुणे