‘अज्ञात वाहन’ सड्यावर आलं कुठून?

मा. संपादक,
स.न.

जुन्या पवनचक्क्या उतरवून त्याच जागी उंच नव्या उभ्या करण्यावरचा कालच्या अंकातला लेख दोनदा वाचला. पवनचक्क्यांपेक्षा जास्त पक्षी मांजरं आणि काचेच्या इमारती मारतात, तेव्हा पक्षीवाल्यांची ओरड अनाठायी आहे, असं लेखकांनी ठरवून टाकलं आहे. मांजर चिमणी धरतं, साळुंकी धरतं. मांजराने गरुड मारल्याचं मी आजवर ऐकलं नाही. चिमणी वर्षातून दोन-तीनदा पिल्लं काढते. सापमार गरुड वर्षाला एकच अंडं घालतो, आणि त्यातून निघालेलं पिल्लू जोडी जमवण्याच्या वयाचं व्हायला काही वर्षं जातात. त्यातला एक मेला तर ती जागा पुढच्या हंगामात भरून निघत नाही. चिमण्या आणि गरुड एकाच तागडीत घालून मोजायचे नसतात.

मी एसटीत सत्तावीस वर्षं चालक होतो. त्यातली बरीचशी सातारा–ठोसेघर–चाळकेवाडी याच रस्त्यावर गेली. बोगदा ओलांडला, सज्जनगड मागे पडला, ठोसेघरचा चढ संपला की सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, लागायचा. तारेवर कापशी बसलेली असायची, दगडावर तिसा, दोन्ही शिकारी पाखरं. हिवाळ्यात गवतावरून भोवत्या, तोही शिकारी पक्षीच, इतका खालून जायचा की गाडीतली पोरं खिडकीतून हात बाहेर काढायची. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे पवनचक्क्या येऊ लागल्या. पहिल्या काही वर्षांत आम्हालाही त्यांचं अप्रूप वाटायचं. प्रवासी गाडी थांबवायला सांगायचे, मी थांबवायचो. माझा वीज बनवण्याला विरोध नाही, हे आधीच सांगतो. माझ्या घरातही दिवे आहेत.

निवृत्तीनंतरही महिन्यातून एकदा मी वर जातो. तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर असाच गेलो होतो. सकाळी शेरडं घेऊन निघालेलं एक धनगराचं पोर धावत आलं. ‘काका, मोठं पाखरू पडलंय.’ कड्याच्या बाजूच्या एका पवनचक्कीखाली सापमार गरुड पडला होता. उजवा पंख खांद्यापाशी कापलेला, आणि तो तुटलेला पंख वीस-पंचवीस पावलांवर वेगळाच पडलेला. बाकी अंगाला ओरखडासुद्धा नव्हता. पिवळाजर्द डोळा उघडा होता. पाय राखाडी, खवल्याखवल्यांचे, सापाचा दात लागू नये असे खरखरीत. मुंग्या लागायला सुरुवात झाली होती. पोरगं म्हणालं, ‘उशिरा आलो असतो तर कुत्र्यांनी नेलं असतं, आधीची दोन नेली.’

मी तो पंच्यात गुंडाळला, तुटका पंखही घेतला, आणि खाली येऊन एका सरकारी कार्यालयात नेऊन दिला. वजन दीड किलोच्या आसपास भरलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ज्याला संरक्षण दिलं आहे असा पक्षी मेला, म्हणजे पंचनामा व्हायला हवा, एवढं मला ठाऊक होतं. पंचनामा झाला. मृत्यूचं कारण लिहिलं: ‘अज्ञात वाहनाची धडक’. मी विचारलं, साहेब, हे काय? तर म्हणाले, काका, रकान्यात काहीतरी भरावं लागतं, आणि पवनचक्की असा पर्याय त्यात नाही.

संपादक महाशय, मी सत्तावीस वर्षं गाडी चालवली आहे. गाडीखाली कोंबडी आलेली, कुत्रं आलेलं, रात्री काचेवर घुबड आदळलेलं, सगळं पाहिलं आहे आणि ते आठवून अजून वाईट वाटतं. वाहन चिरडतं, हाडं मोडतं. पंख सुरीने कापल्यासारखा खांद्यातून उतरवत नाही. ती पवनचक्की डांबरी रस्त्यापासून चांगली अर्ध्या किलोमीटरवर आहे. तिथे कुठलं वाहन आलं होतं? मी त्या कागदावर सही केली नाही. दुसऱ्या दोघांच्या घेतल्या. तो कागद आठवला की आजही माझा संताप होतो, कारण जो मृत्यू मी माझ्या हातांनी उचलून आणला तो हिशेबात धरलाच गेला नाही. तुमचे लेखक म्हणतात की आपल्याकडे पवनचक्क्यांनी फार पक्षी मरत असल्याच्या नोंदी नाहीत. नोंदी कशा असतील? अर्धे कुत्रे नेतात, उरलेले ‘अज्ञात वाहना’च्या नावावर जातात.

आणि मेलेले मोजले म्हणजे सगळं कळलं असंही नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच चाळकेवाडीच्या सड्यावर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. माझी मुलगी कॉलेजात शिकवते, तिने मला तो समजावून सांगितला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या जवळपास एक चतुर्थांशच. म्हणजे मरायचे ते मेले असतील, बाकीच्यांनी जागाच सोडली. शिकारी गेले म्हणून खाली सरडे माजले. गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडणारा जो सरडा आपल्या या सड्यावर आहे, तो तिथे दाटीने राहतो, पण अंगाने खंगलेला, रंगाने फिका, आणि माणूस अगदी जवळ जाईपर्यंत पळत नाही. डोक्यावर घिरट्या घालणारं कोणी नाही हे त्यालाही कळलं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या सड्यावरच्या अभ्यासाची दखल जगाने घेतली आणि आपल्या जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रातल्या लेखात त्याचा एक शब्द नाही, याला काय म्हणावं?

जागेचा प्रश्न लेखकांना कळलेलाच नाही. दरीतला वारा कड्याला आपटतो आणि वर चढतो. मोठं पाखरू त्या वाऱ्यावर पंख न हलवता तरंगतं, मान खाली घालून गवतात साप शोधतं. पवनचक्की लावणाऱ्यालाही नेमकी तीच कड हवी असते. खालून पातं सावकाश फिरताना दिसतं, पण त्याच्या टोकाचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असतो. खाली बघत येणाऱ्या गरुडाला ते दिसायचं कसं? कडेपासून मागे, पक्ष्यांची ये-जा कमी असेल तिथे तीच पवनचक्की उभी केली तर वीज थोडी कमी मिळेल, पण मिळेल. कॅलिफोर्नियात आल्टामाँट खिंडीत १९८० च्या दशकात हजारो पवनचक्क्या लावल्या आणि सोनेरी गरुड मरू लागले. पुढे तिथे जुन्या काढून मोठ्या बसवल्या, पण नुसती यंत्रं बदलून भागलं नाही, कुठे बसवायच्या हे बघावं लागलं. स्पेनमध्ये दक्षिणेला गिधाडं येताना दिसली की माणसं तेवढ्यापुरती पवनचक्की थांबवतात. मेलेल्या गिधाडांची संख्या निम्म्यावर आली, आणि वीज घटली ती शेकडा ०.०७. नॉर्वेत तीनपैकी एक पातं काळं रंगवून पाहिलं, तिथेही मृत्यू पुष्कळ कमी झाले. प्रयोग लहान होता, पण त्यांनी करून तर पाहिला.

आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत पवनचक्क्यांना धरलेलंच नाही, त्यामुळे आधी अभ्यास करण्याची सक्ती नाही. शेजारच्या कासला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तिथे फुलांसाठी आपण तिकीट आणि रांग लावली. तसाच सडा इथे आहे. २०२३ मध्ये केंद्राचं जुन्या पवनचक्क्या बदलण्याचं धोरण आलं. इथली जुनी यंत्रं उतरतील, रिकामी झालेली जागा वीस-पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच नीट बघायची संधी मिळेल. तेव्हा ‘त्याच जागी’ असं बिनदिक्कत लिहिण्याऐवजी एक वर्ष, तिन्ही ऋतू, तिथे पक्षी मोजा असं तुमच्या लेखकांनी का लिहू नये? त्या पाळण्यासारख्या हलणाऱ्या गवतावर भोवत्या अजून एखाद-दुसरा येतो. मी गेल्या माघात पाहिला.

आणखी एक. लेखाबरोबर छापलेल्या फोटोखाली ‘सह्याद्रीतील गरुड’ असं लिहिलं आहे. ती घार आहे. शेपटी मधे दुभंगलेली स्पष्ट दिसते, गरुडाची तशी नसते. उकिरड्यावर रोज दिसणारी घार गरुड म्हणून छापली, तर वाचणारा म्हणणारच की गरुड तर पुष्कळ आहेत, मग ओरड कशाची? कृपया उद्याच्या अंकात दुरुस्ती छापावी. गेल्या वर्षीही एका शिक्र्याला तुम्ही ससाणा केलं होतं. तेव्हा मी पोस्टकार्ड टाकलं, ते छापलं नाही, त्याचं काही नाही, पण दुरुस्तीही छापली नाही.

पंचनाम्याच्या प्रतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. नावं झाकून छापलीत तरी चालेल, कारणाची ओळ मात्र झाकू नका. लेखकांना वर यायचं असेल तर मी कधीही सोबत येईन. ती पवनचक्की कुठली, ते मी दाखवतो. ते पोरगंही आता मोठं झालं आहे, शेरडं घेऊन त्याच बाजूला असतं.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
सातारा