शनिवारची श्रवणबैठक : पॅरिस, २८ मे १९७५

सभासदहो,
येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या खोलीत गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि टेप-सिंथेसायझर हाताळणारे संगीतकार ब्रायन ईनो यांची पॅरिसच्या ऑलिंपिया नाट्यगृहातली १९७५ची मैफल ऐकायची आहे. ओळखीची गाणी ऐकायला आलेल्या अनेकांनी तिथे शिट्ट्या मारून हुर्यो उडवली. तरीही ती संथ गिटार फार सुंदर आहे.

त्या मैफलीत गिटारचा सूर टेपवरून पुन्हा पुन्हा परततो; ती टेपची जोडणी आधी दाखवू, म्हणून पावणेसहालाच या.

– दोन स्पूल टेपरेकॉर्डर, एकच टेप. पहिल्या यंत्राच्या आवाज नोंदवणाऱ्या हेडपासून दुसऱ्याच्या आवाज वाजवणाऱ्या हेडपर्यंत ९५ सेंमी टेप आणि वेग सेकंदाला १९ सेंमी. सूर ५ सेकंदांनी परततो.
– टेप सैल पडली की सूर थरथरतो. टेबलाला हात लावू नका.
– दुसऱ्या यंत्रातून पहिल्याकडे परत पाठवलेला आवाज वाढला तर खरखरही साठत जाते.

मोबाइल बंद. आवडलं नाही तरी शेवटपर्यंत शांत बसा, वाद नंतर.